एकदिवसीय पिलांची पाठवणी : ठाणे–कल्याण परिसर

अंडी उबवणी केंद्रात जन्मलेली कोंबडीची पिले जन्मल्या दिवशीच खोक्यांत भरून दूरच्या ग्राहकाकडे रवाना करण्याचा व्यवहार. पिलू अंड्यातून बाहेर पडल्यापासून साधारणतः चोवीस तासांच्या आत ते विकले जाते, म्हणून त्यास ‘एकदिवसीय पिलू’ अशी संज्ञा आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि त्यांच्या पाठीशी असलेले भिवंडी, मुरबाड, शहापूर, अंबरनाथ हे तालुके यांत कुक्कुटपालनाचा जो विस्तार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, तो या व्यवहारावर आधारलेला आहे. कोंबडी पाळणारा आणि पिलू जन्मास घालणारा हे दोघे भिन्न असू शकतात, ही कल्पना या भागात तशी नवीच होय.

या व्यवहाराचा पाया निसर्गाच्या एका सोयीत आहे. उबवणीच्या एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंड्यातील उरलेला बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. या शिदोरीवर पिलू जन्मानंतर सु. ७२ तास दाणापाण्याविना तग धरू शकते. खुडूक कोंबडीखालील सर्व अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. पहिले पिलू बाहेर आले तरी शेवटचे येईपर्यंत कोंबडी घरट्यावरून उठत नाही. आधी जन्मलेल्यांनी तोवर उपाशी तग धरावा, यासाठी ही योजना आहे. मनुष्याने या तीन दिवसांच्या सवलतीचा उपयोग प्रवासासाठी करून घेतला. मात्र ७२ तास ही जिवंत राहण्याची मर्यादा आहे, सुखाने राहण्याची नव्हे, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. लवकर पाणी व खाद्य मिळालेली पिले पुढे चांगली वाढतात, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

कृत्रिम उबवण प्राचीन आहे. ईजिप्तमधील विटांच्या भट्ट्यांत आणि चीनमध्ये गरम केलेल्या भाताच्या तुसात हजारो अंडी एका वेळी उबविली जात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि पिले दूर पाठविण्याचा धंदा उभा राहण्यास रेल्वेची वाट पाहावी लागली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या स्टॉक्टन गावातून १८९२ मध्ये जोसेफ विल्सन याने शिकागोला रेल्वेने पिले पाठविली, हा या व्यापाराचा आरंभ मानला जातो. १९१८ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने एकदिवसीय पिले टपालाने नेण्यास परवानगी दिली आणि तेथील खेड्यापाड्यांतील शेतकरी घरबसल्या पिले मागवू लागला. १९२५ च्या सुमारास जपानी संशोधकांनी एक दिवसाच्या पिलाचा नर-मादी भेद गुदद्वाराच्या तपासणीने ओळखण्याची रीत शोधून काढली. त्यामुळे अंड्यांसाठी केवळ माद्याच मागविणे शक्य झाले. याच शोधाने नर पिलाच्या माथी जे आले, त्याचा विचार पुढे केला आहे.

भारतात टपालाने पिले पाठविण्याची प्रथा रूढ झाली नाही. १८९८ च्या टपाल कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने, अपायकारक किंवा टपालातील वस्तूंना व कर्मचाऱ्यांना इजा पोहोचविण्याजोगा सजीव टपालात टाकण्यास मनाई केली होती. कोंबडीचे पिलू या व्याख्येत बसते की नाही, हा प्रश्न विधिज्ञांनी चर्चावा असा आहे. व्यवहारात मात्र भारतीय टपालाने ग्राहकाचे पत्र व मनीऑर्डर तेवढी नेली. पिले नेली ती रेल्वेने आणि पुढे मोटारींनी. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने १८९८ चा कायदा रद्द झाला, तोवर हा व्यापार टपालाचा विचारही करीनासा झाला होता.

ठाणे जिल्ह्यातील जुनी स्थिती : आगरी, कोळी, कुणबी यांच्या घरी तसेच वारली, ठाकूर, कातकरी यांच्या पाड्यांवर गावठी कोंबड्या पूर्वापार होत्या. पाच-दहा कोंबड्या, रात्री खुराडे किंवा डालगे, दिवसा अंगणात व शेताच्या बांधावर चरणे, एवढाच हा पसारा. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावयाची व एकवीस दिवस वाट पाहावयाची. घार, मुंगूस, पावसाळा आणि मानमोडी यांतून निम्मी पिले वाचली तरी घरधनीण समाधान मानी. विकत पिले आणण्याची गरज नव्हती. फार तर शेजारणीकडून अंडी अर्धलीने उबवून घेतली जात. देवकार्यास लागणारा कोंबडा, आजाऱ्यास लागणारे अंडे आणि बाजाराच्या दिवशी मिठामिरचीपुरता पैसा या तिन्ही गरजा त्यातून भागत. हे धन प्रायः बाईच्या हातचे होते, ही गोष्ट पुढील बदलाचा हिशेब करताना ध्यानात ठेवावी लागते.

मानमोडी हा रोग शास्त्रीय वाङ्मयात राणीखेत या नावाने ओळखला जातो. १९२६ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आणि त्याच सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला. त्यावरील परिणामकारक लस हाती येईपर्यंत मोठ्या प्रमाणावर कोंबड्या एकत्र ठेवणे हा जुगारच होता. पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि राज्यात लशींचा नियमित पुरवठा होऊ लागला. उबवणी यंत्रापेक्षाही लशीच्या कुपीने हा धंदा शक्य केला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

शासकीय केंद्रे व रेल्वे : दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र शासनाने निवडक ठिकाणी प्रादेशिक कुक्कुट प्रजनन क्षेत्रे उभारली. त्यांपैकी एक मुंबईत गोरेगावजवळील आरे दुग्ध वसाहतीत आहे. राज्य शासनाने पुण्याजवळ खडकी येथे तसेच कोल्हापूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालविली. पांढरा लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या विदेशी जातींची पिले शेतकऱ्यांना माफक दरात मिळावीत, हा त्यांचा उद्देश होता. ठाणे व कल्याण ही गावे आरे व खडकी या दोन केंद्रांच्या मध्ये पडतात, हा भूगोलाचा योग लक्षणीय आहे.

देशातील पहिली उतारू आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आली. पुढील वर्षी ती कल्याणपर्यंत धावू लागली. कल्याणला एक फाटा कसारा घाटातून नासिककडे व दुसरा बोरघाटातून पुण्याकडे जातो. पुणे ते कल्याण हे अंतर सु. १३८ किमी. आहे. खडकीस सकाळी उबलेले पिलू त्याच रात्री कल्याणच्या फलाटावर उतरू शकत असे आणि त्याच्या पोटातील शिदोरी अद्याप बरीचशी शिल्लक असे. बांबूच्या करंड्यांची जागा पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यांनी घेतली. अशा खोक्याचे आडव्या-उभ्या पट्ट्यांनी चार कप्पे केलेले असतात व प्रत्येकात पंचवीस पिले बसतात. कप्पे नसल्यास गाडीच्या हिसक्यासरशी सर्व पिले एका कोपऱ्यात ढकलली जाऊन तळची गुदमरतात. बाजूंना व झाकणास भोके असतात. उन्हाळ्यात शंभराऐवजी ऐंशीच पिले भरतात. वाटेतील मरतुकीची भरपाई म्हणून शंभरामागे दोन पिले जास्त देण्याचा रिवाज आहे.

मागणी आगाऊ नोंदवावी लागे, कारण अंडी यंत्रात बसविल्यापासून पिले निघण्यास एकवीस दिवस लागतातच. पहिले अठरा दिवस अंडी सु. ३७·५° से. तापमानात ठेवून ठराविक वेळाने फिरविली जातात. शेवटचे तीन दिवस ती दुसऱ्या कक्षात हलवून आर्द्रता वाढविली जाते. केंद्राकडून पिले निघण्याची तारीख कळविणारे पत्र ग्राहकास जाई आणि त्या दिवशी त्याने हजर राहावे, अशी अपेक्षा असे. न आल्यास पिले थांबत नसत. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे, त्यांना फलाटावरील ती चिवचिव विसरता येत नाही. डब्यातून खोकी उतरताच हमाल ती उन्हातून बाजूस घेत, भोकांना कान लावून आतील आवाजाचा अंदाज घेण्यात येई. एकसारखा मंद आवाज असल्यास पिले ठीक. कर्कश आवाज असल्यास ती गारठलेली किंवा तापलेली. आणि आवाजच नसल्यास खोके उघडण्याची घाई कोणी करीत नसे.

पिले आल्यावरचे पहिले दहा दिवस निर्णायक असतात. पिलास स्वतःचे शरीर-तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. ऊब द्यावी लागते व दर आठवड्यास ती थोडी थोडी कमी करतात. यासाठी विजेचे दिवे लावलेली छत्री वापरतात. तिला ‘कृत्रिम दाई’ असे समर्पक नाव आहे. जमिनीवर भाताच्या तुसाची गादी घालतात. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात तूस मुबलक व स्वस्त, हा येथील कुक्कुटपालकाचा एक मोठा फायदा होय. पहिल्या दिवशी गुळाचे पाणी आणि वर्तमानपत्रावर पसरलेला मक्याचा भरडा देतात. पाणी कसे प्यावे हे पिलास शिकवावे लागते. काही पिलांच्या चोची पाण्यात बुडविल्या की बाकीची त्यांचे अनुकरण करतात. आईचे काम येथे माणसाच्या बोटाने होते. २००० नंतरच्या दशकात भारनियमनामुळे रात्री वीज गेली की मुरबाड-शहापूरकडील पालक कोळशाच्या शेगड्या पेटवून पहाटेपर्यंत जागत. अशा एका रात्रीत सबंध कळप दगावल्याची उदाहरणे या भागात दुर्मिळ नाहीत.

खाजगी उबवणी केंद्रे : १९६० नंतरच्या दशकात विदेशी संकरित जातींची आयात सुरू झाली. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेने बॅबकॉक व कॉब या अमेरिकन जातींच्या आधारे अंड्यांच्या व मांसल कोंबड्यांची पिले मोठ्या प्रमाणावर पुरविण्यास आरंभ केला. तिचे मुख्यालय पुढे पुणे येथे होते. राव यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. पुणे हे पिलांच्या व्यापाराचे केंद्र बनले आणि त्याचा सर्वांत जवळचा मोठा बाजार मुंबई–ठाणे हा होता. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. अंबरनाथ, डोंबिवली येथील कारखाने, उल्हासनगरची वसाहत आणि लोकलने मुंबईस जाणारा चाकरमानी वर्ग यांमुळे अंडी व मांस यांची मागणी झपाट्याने वाढली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८·४ लाख, तर कल्याण–डोंबिवलीची सु. १२·५ लाख होती.

संकरित पिलाचे वैशिष्ट्य असे, की त्याच्यापासून पुढे तसेच पिलू मिळत नाही. चांगल्या कोंबडीची अंडी राखून ठेवणे ही जुनी युक्ती येथे निरुपयोगी ठरते. प्रत्येक खेपेस पिले विकतच घ्यावी लागतात व त्यांचा दर पालकाच्या हाती नसतो. उत्पादन कैक पटींनी वाढले हे खरे. गावठी कोंबडी वर्षास पन्नास-साठ अंडी देते, संकरित कोंबडी तीनशेच्या आसपास देते. परंतु बियाणे मात्र घरातून गेले, आणि ज्या घरधनिणीच्या हाती ते होते तिच्या हातून कोंबड्यांचा हिशेबही गेला. शेकडो पक्ष्यांची शेड कर्ज काढून उभारावी लागते. कर्ज सातबाऱ्यावर मिळते आणि सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे असतो.

मागणीचे पंचांग : या परिसरात पिले केव्हा मागवावयाची हे सणवारांवरून ठरते. मांसल कोंबडीची वाढ १९७० च्या सुमारास सु. आठ आठवड्यांत होई. आता ती सहा किंवा त्याहूनही कमी आठवड्यांत होते. आषाढी अमावस्येस, म्हणजे लोकांच्या भाषेत गटारीस, ठाणे–कल्याणकडे कोंबडीचा खप वर्षातील उच्चांकास पोहोचतो आणि दुसऱ्याच दिवसापासून श्रावणामुळे तो कोसळतो. गटारीचा माल तयार असावा म्हणून पिले ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर टाकावी लागतात. ऐन दमट हवेत, जेव्हा तुसाची गादी ओली होऊन रक्ती हगवणीचे भय सर्वाधिक असते तेव्हाच! दोन-चार दिवसांचा अंदाज चुकला तर पूर्ण वाढलेला पक्षी श्रावणात खाद्य खात उभा राहतो. नवरात्र आणि मार्गशीर्षातील गुरुवार यांचाही असाच हिशेब असतो. आगरी-कोळी समाजातील हळदीच्या जेवणावळी आणि डिसेंबरची अखेर ही मागणीची दुसरी टोके होत. पंचांग पाहून पिले मागविणारा कुक्कुटपालक हा अंधश्रद्ध नसून व्यवहारी असतो.

प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या नियमांत २००१ मध्ये कोंबड्यांविषयी तरतुदी जोडण्यात आल्या. पिले उबल्यावर विनाविलंब रवाना करावीत, ऊन, पाऊस व वाऱ्याचा थेट झोत यांपासून त्यांचे रक्षण करावे, असे त्यांत सांगितले आहे. तापमान २५° से.हून अधिक किंवा १५° से.हून कमी असताना वाहतूक करू नये, अशीही एक तरतूद आहे. कल्याण-डोंबिवलीचे हवामान जाणणाऱ्यास हे वाचून हसू येईल. तेथे वर्षातील बहुतेक दिवस दुपारचे तापमान या मर्यादेच्या वरच असते. या नियमाचे अक्षरशः पालन झाले, तर वर्षाचा बराच काळ दिवसा वाहतूकच करता येणार नाही. पिलांच्या गाड्या रात्री घाट उतरतात व पहाटे पोहोचतात, ते नियमापेक्षा अनुभवामुळे.

नर पिलांचा प्रश्न : अंड्यांसाठीच्या जातींत जन्मणारी निम्मी पिले नर असतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी किफायतशीर ठरण्याइतकी वेगाने वाढत नाहीत. जगाच्या बहुतेक भागांत ती पहिल्याच दिवशी नष्ट केली जातात. यांतील काही भारतात फेरीवाल्यांच्या हाती जातात. गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडविलेली ही पिले टोपलीत घेऊन विकणारा फेरीवाला मुंबईच्या उपनगरांत व कल्याणच्या बाजारात दोन पिढ्यांनी पाहिला आहे. मुले हट्टाने ती घरी नेतात आणि बहुतेक पिले दोन-तीन दिवसांत मरतात. त्यांना ऊब मिळत नाही, हे त्याचे मुख्य कारण असते. रंग हे दुय्यम. शहरी मुलाची कोंबडीशी होणारी ही प्रायः एकमेव जिवंत ओळख होय.

रोग व अफवा : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्ल्यूचा देशातील पहिला उद्रेक जाहीर झाला. लाखो पक्षी मारण्यात आले व ठाणे–मुंबईच्या बाजारात चिकनला कोणी विचारीना. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सु. शंभर पक्षी दगावले व त्याच रोगाचे निदान झाल्यावर एक किमी. परिसरातील हजारो पक्षी नष्ट करण्यात आले. या दोहोंच्या दरम्यान घडलेली घटना मात्र रोगाची नव्हे, अफवेची आहे. मार्च २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो, असे समाजमाध्यमांतून पसरले. त्यास कोणताही शास्त्रीय आधार नव्हता. तरी भाव इतके उतरले, की पिले फुकट नेण्यासही कोणी तयार होईना. उबवणी यंत्रातील अंडे थांबविता येत नाही; आज मागणी मेली तरी पुढले तीन आठवडे पिले निघतच राहतात. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या डहाणू तालुक्यात एका व्यावसायिकाने त्या महिन्यात सु. नऊ लाख उबवणीची अंडी व पावणेदोन लाख एकदिवसीय पिले नष्ट केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ७२ तासांची शिदोरी येथे कोणाच्याच कामी आली नाही.

करारपद्धती व परसबाग : १९९० नंतर मांसल कोंबड्यांच्या व्यवसायात करारपद्धती आली. कंपनी पिले, खाद्य व औषधे देते. पालक शेड, तूस, वीज व श्रम देतो आणि त्यास वाढलेल्या वजनावर किलोमागे मोबदला मिळतो. बाजारभावाची जोखीम कंपनीकडे जाते, ही यातील जमेची बाजू निःसंशय मोठी आहे. परंतु पिले केव्हा, कोणती आणि किती यावीत हा निर्णयही तिच्याकडेच जातो. ‘पिले मागविणे’ हा शब्दप्रयोग अशा पालकाच्या बाबतीत आता लागू पडत नाही, पिले येतात. याच आकर्षणाचा गैरफायदा घेणारेही निघाले. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या कडकनाथ प्रकरणात, चढ्या भावाने अंडी व पक्षी परत घेण्याच्या आश्वासनावर राज्यातील अनेक शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले व ते बुडाले.

लहान पालकासाठी शासनाने दुसरा मार्ग ठेवला आहे. परसातील कुक्कुटपालनाच्या योजनेत शंभर एकदिवसीय पिलांचा गट किंवा आठ-दहा आठवडे वयाच्या पंचवीस तलंगा व तीन नर असा गट पन्नास टक्के अनुदानावर देण्यात येतो. ज्यांच्याकडे वीज व कृत्रिम दाई नाही, त्यांना तलंगांचाच गट सोयीचा पडतो. बंगलोरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ मध्ये प्रसारित केलेली गिरिराज आणि हैदराबादच्या प्रकल्पात तयार झालेली वनराज या जाती अशा पालनासाठी निवडल्या जातात. त्या रंगीत, काटक आणि अंगणात चरणाऱ्या आहेत. मात्र अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत त्यांचा खुडूक होण्याचा गुण जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यामुळे मुरबाड व शहापूर तालुक्यांतील पाड्यांवर आजही गिरिराजाची अंडी उबविण्यासाठी गावठी कोंबडीखालीच ठेवतात, आणि एखादी खुडूक कोंबडी त्यासाठी शेजारघरून उसनी आणली जाते.